बाजारगावचे मोजणीकाका

बोलता बोलता मोजणीकाका मधेच गप्प होत. रस्त्याने चालताना त्यांचे ओठ किंचित हलत असत, आणि आपण काही विचारलं की ते हात वर करून थांबवत. दोन-चार मिनिटांनी एखाद्या दारापाशी पोचलं की म्हणत, "सहाशे बारा. हं, आता बोला." मग अर्धवट राहिलेलं वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच पुरं करत. त्यांच्या लेकीच्या घरापासून आमच्या घरापर्यंत सहाशे बारा पावलं होती. सुपरमार्केटपर्यंत नऊशे चाळीस. एनस्खेडे या आमच्या डच गावाच्या स्टेशनापर्यंत किती, तेही त्यांनी सांगितलं होतं, पण मला आता आठवत नाही.

ते वाईचे. सरकारच्या मोजणी खात्यात उभी नोकरी झालेली. शेतांच्या हद्दी मोजायच्या, भावाभावांत जमिनीची फाळणी करून द्यायची, नकाशे काढायचे. बायको गेल्यावर लेकीने, वैशालीने, त्यांना उन्हाळ्यात आपल्याकडे बोलावलं. पाहुण्यांच्या व्हिसावर तीन महिने राहता येतं, तेवढे ते राहिले. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तीन महिने. म्हणजे माझी आणि त्यांची सगळी ओळख सहा महिन्यांची. जून महिन्यातही कानटोपी, अंगात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर आणि खिशात लाकडी मोजपट्टी. असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. 'मोजणीकाका' हे नाव अभिजितने, माझ्या नवऱ्याने, पहिल्याच आठवड्यात ठेवलं. अभिजित पीएचडी करून तिथल्या तांत्रिक विद्यापीठात संशोधक होता. मी त्याच्या मागोमाग आलेली बायको, पुण्याहून सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन.

काका आले त्याच्या आदल्या शरद ऋतूत आमची मुलगी सातव्या महिन्यात गेली. पोटातच. कुणाची चूक नव्हती, डॉक्टरांनी तसं नीट समजावून सांगितलं. घरी आल्यावर मी स्वयंपाक करत होते, सायकलवरून भाजी आणत होते, आईशी फोनवर बोलत होते. मला काही वाटत नव्हतं. दुःख झालं होतं असंसुद्धा म्हणता येत नाही. दाढ काढल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तशी मी होते. अभिजित उशिरापर्यंत प्रयोगशाळेत थांबायला लागला. आम्ही भांडत नव्हतो. बोलतही नव्हतो.

अशात मला घरबसल्या एक काम मिळालं. इंग्लंडमधल्या एका बाजारगावाचे सव्वाशे वर्षांपूर्वीचे नकाशे संगणकावर रेषा न् रेषा गिरवून घ्यायचे होते. गावाच्या इतिहासावर काम करणारी तिथली काही मंडळी ते करवून घेत होती. साधेसुधे नकाशे नव्हते ते. एक सेंटिमीटर म्हणजे पाच मीटर, एवढे मोठे. घराच्या दारापुढच्या पायऱ्या दिसायच्या, रस्त्यावरचे दिव्याचे खांब दिसायचे, हातपंप, गुरांना पाणी पाजायची कुंडी, चर्चमध्ये किती माणसं बसू शकतात तो आकडासुद्धा. एका गावासाठी पंचवीसएक मोठी शीटं. मला ते काम आवडलं, कारण त्यात माणूस नव्हतं. गावाचं नाव मला कधी नीट उच्चारता आलं नाही. काकांनी तर प्रयत्नच केला नाही. ते त्याला 'आपलं बाजारगाव' म्हणत.

वैशाली माझी तिथली एकुलती एक मैत्रीण. ती दिवसभर ऑफिसात. एकदा म्हणाली, "मृणाल, बाबा घरात एकटेच बसून असतात गं. तुझ्याकडचे नकाशे दाखव ना त्यांना एकदा. तेवढाच त्यांचा वेळ जाईल." मला कुणी यायला नको होतं, पण नाही म्हणायलाही एक जोर लागतो, तो नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी बरोबर तीनला बेल वाजली. काकांनी बूट काढून दाराबाहेर जोडून ठेवले, संगणकासमोर बसले आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.

"साखळीनं केलेलं काम आहे," ते म्हणाले. "नीट केलंय. त्यांची साखळी आपल्या दुप्पट असायची. आपली तेहतीस फुटांची, त्यांची सहासष्ट." मग माझ्याकडे वळून, "मॅडम, तुम्ही पाहिलंय का हे गाव?"

"नाही."

"मग कसं काढता?"

"गिरवते फक्त."

"तसं नको," ते म्हणाले. "आधी गावातनं फिरून येऊ."

मला ते शेवटपर्यंत मॅडम म्हणाले. खात्यातली सवय. ज्याच्या टेबलावर नकाशा, तो साहेब किंवा मॅडम.

पडद्यावर त्यांचं समाधान होईना, म्हणून मी काही शीटं कागदावर छापून आणली. ती बैठकीच्या खोलीत जमिनीवर पसरून काका पायमोजे घालून गुडघ्यांवर बसत आणि मोजपट्टी घेऊन गावात शिरत. रोज एक गल्ली. बाजाराच्या चौकातून सुरुवात करायची, हा त्यांचा नियम. "परक्या गावात गेलं की आधी पाणी कुठं आहे बघायचं. पाण्यापाशी बाया असतात, त्यांना सगळं ठाऊक असतं." मग पंप सापडला की तिथे बोट ठेवून थोडं थांबत, जणू कुणाशी दोन शब्द बोलून घेतायत.

भिंतींवरून त्यांना माणसं दिसत. दोन परसांमधली एक भिंत मधेच वाकडी झालेली होती, मी ती तीनदा गिरवून कंटाळले होते. काका हसून म्हणाले, "हे भाऊ वेगळे झालेत, मॅडम. एका मालकाची भिंत अशी नाही जात. धाकट्याला झाड पाहिजे होतं, म्हणून ही इथं पोट काढून गेली." मी बघितलं तर खरंच भिंतीच्या त्या फुगवट्यात झाडाची खूण होती. अनेक दिवसांनी मला कशाचं तरी थोडं नवल वाटलं. थोडंच.

'अंदाजे' हा शब्द त्यांना चालत नसे. चहात साखर किती घालू विचारलं तरी "अंदाजे नको, दीड चमचा" म्हणायचे. वैशाली सांगायची, तिच्या लग्नात मांडवात त्यांनी खुर्च्यांच्या ओळी स्वतः टेप लावून मांडल्या होत्या. हे सगळं गमतीचं होतं, पण माझ्यावर ते एकदाच रागावले, ते याच पायी.

बाजारगावातल्या एका सराईच्या मागच्या अंगणात गरिबांच्या घरांची एक रांग होती, दोन शीटांवर निम्मी-निम्मी आलेली. कडा जुळवल्या तर रेषा जुळत नव्हत्या. या शीटवरची भिंत त्या शीटवर चांगली दीड मीटर सरकलेली, आणि एक घर दोन्हींच्या मधे कुठेतरी नाहीसंच झालेलं. मी रेषा ओढून टोकं जुळवून टाकली आणि पुढे गेले. काकांनी छापलेल्या कागदावर मोजपट्टी ठेवली, मग पडद्याकडे बघितलं.

"हे तुम्ही ओढलंत."

"हो. जुळत नव्हतं."

"जुळत नाही तर तसं लिहा. शेऱ्याचा रकाना कशाला दिलाय?"

"काका, सव्वाशे वर्षं झाली. मेलेली माणसं आहेत सगळी. एक घर कमी झालं तर कोण बघणार आहे?"

काकांनी मोजपट्टी खिशात ठेवली, गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि चहा न घेता गेले. मला वाईट वाटायला हवं होतं. मी त्यांचा कप विसळून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते सकाळीच आले. अभिजित नुकताच बाहेर पडला होता. काका कागदांकडे गेले नाहीत, खुर्चीवर बसले आणि कानटोपी काढून मांडीवर ठेवली.

"मॅडम, नोकरीला लागून मला दोन वर्षं झाली होती," त्यांनी सांगायला सुरुवात केली. "एका गावात दोन भावांची फाळणी मोजत होतो. शेताच्या कोपऱ्यात बोरीखाली चार दगड रचून ठेवलेले. धाकट्याची बायको मला म्हणाली, साहेब, तेवढा कोपरा आमच्याकडं येतो का बघा. मी म्हटलं, बाई, रेषा माझ्या मनानं जात नाही. ती गप्प बसली. कोपरा थोरल्याकडं गेला. मोजणीच्या टिपणात मी बोर दाखवली, दगड दाखवले नाहीत. चार दगडांचं काय दाखवायचं? पावसाळा झाल्यावर हद्दीच्या खुणा तपासायला परत गेलो, तर बोर तोडलेली आणि कोपरा नांगरलेला. कोतवालानं सांगितलं, तिचं मूल होतं तिथं पुरलेलं."

त्यांनी मांडीवरची कानटोपी सरळ केली.

"दगड टिपणात घेतले असते तर नांगर घालताना कुणीतरी अडवलं असतं. नसतंही अडवलं. पण मी तिला नुसतं विचारलंसुद्धा नाही, की बाई, कशासाठी. मला घाई होती, दिवस मावळत होता. नंतर मी तिच्या दारी गेलो. ती म्हणाली, आता कशाला आलात."

खिडकीबाहेरून कुणीतरी सायकलवरून गेलं.

"म्हणून तुम्हाला विचारतो. राग आला तर सांगा. तुमचं घर बाहेरनं, खिडक्यांच्या बाजूनं, सतरा पावलं आहे. आतनं मी तेराच चालतो. भिंतींचं एक धरलं तरी तीन पावलं कमी पडतात."

"तिथे एक खोली आहे," मी म्हटलं.

"खोली आहे ते कळतं. दार कधी उघडं दिसत नाही. काय आहे आत?"

आठ-नऊ महिन्यांत मला हे कुणीच विचारलं नव्हतं. वैशालीने मिठी मारली होती, आई फोनवर रडली होती, विद्यापीठातल्या लोकांनी फुलं पाठवली होती. काय आहे आत, असं कुणी विचारलं नव्हतं. मी उठून दार उघडलं. एका भिंतीला पिवळा रंग दिलेला, बाकी तीन पांढऱ्याच राहिलेल्या. पाळणा अजून खोक्यात, न जोडलेला. रंगाचा डबा आणि वाळलेला ब्रश.

काका उंबऱ्यापाशी उभे राहिले, आत आले नाहीत.

"नाव ठेवलं होतं का?"

"अभिजितने इस्पितळातल्या कागदावर लिहिलं होतं. ऋता."

मी ते नाव मोठ्याने पहिल्यांदाच उच्चारलं होतं.

"ऋता," काका म्हणाले, आणि मान हलवली. तुम्हाला वाटेल मी तेव्हा रडले असेन. नाही रडले. मला काहीच झालं नाही. काकाही माझ्या डोक्यावर हात ठेवायला वगैरे पुढे आले नाहीत. खिडकीकडे बघून म्हणाले, "उजेड उत्तरेचा आहे. नकाशे बघायला हाच चांगला. तिकडं बैठकीत ते सारखे पायाखाली येतात."

"मला इथे काम करता येणार नाही, काका."

"करू नका. कागद तेवढे इथं ठेवू."

आम्ही दोघांनी शीटं उचलून त्या खोलीत नेऊन पसरली. पाळण्याचं खोकं काकांनी हलवलं नाही, त्याला वळसा घालून कागद मांडले. दुपारी ते एकटेच आत बसून बाजारगावातून फिरले. मी संगणकावर माझ्या ओढलेल्या रेषा पुसल्या आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: येथे दोन शीटे जुळत नाहीत, एका घराचा निर्णय होत नाही. चार दिवसांनी मी दाराशी खुर्ची टाकून बसायला लागले. त्यानंतर केव्हातरी आत.

दुसऱ्या उन्हाळ्यात काका आले ते वाईहून माझ्यासाठी एक भिंग घेऊन. तोवर माझी निम्मी शीटं झाली होती. अभिजित मात्र त्या खोलीत पाऊल टाकत नव्हता. नकाशे कुठे आहेत हे त्याला माहीत होतं, तो दारावरून न बघता जायचा. एका शनिवारी काका आतून ओरडले, "अहो डॉक्टर, जरा इकडं या. या टेपचं टोक धरा, माझा हात पोचत नाही." अभिजित बैठकीत पेपर वाचत होता. त्याने माझ्याकडे बघितलं. काका पुन्हा म्हणाले, "आहात का?" अभिजित उठला, आत गेला आणि खाली बसून त्याने शाळेच्या फाटकावर टेपचं टोक धरलं. काकांनी दुसरं टोक पंपावर नेलं.

"सोडू नका हं. पोरांना पाण्यासाठी किती लांब जावं लागायचं, बघायचंय."

अभिजितने टोक सोडलं नाही. मोजून झाल्यावरही तो तसाच बसून होता. काका हळूच उठले, मला म्हणाले, "आज चहा घरीच घेतो," आणि निघून गेले. मी आत जाऊन अभिजितशेजारी बसले. तो पिवळ्या भिंतीकडे बघत होता. "रंगाचा दुसरा हात द्यायचा राहिला होता," तो म्हणाला. पावणेदोन वर्षांत त्या विषयावरचं ते आमचं पहिलं बोलणं.

काका परत निघाले तेव्हा आम्ही सगळे स्टेशनावर गेलो होतो. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी आपण बाजारगाव बघायलाच जाऊ. इंग्लंडचा वेगळा व्हिसा काढावा लागेल, पण काढू."

"कशाला खर्चात पडता? मी पाहिलंय ते गाव," ते म्हणाले. गाडी लागली तसं डब्याच्या दारात उभं राहून त्यांनी बजावलं, "राहिलेली शीटं घाईनं संपवू नका." वैशाली त्यांना विमानतळापर्यंत पोचवायला गेली.

जानेवारीत ते गेले. वाईला, सकाळी आंघोळ करून बसले असताना. वैशालीचा फोन आला तेव्हा मी सुपरमार्केटच्या रांगेत होते. मी "हो, हो" म्हणत राहिले, फोन ठेवला, बटाट्यांचे पैसे दिले, पिशवी सायकलला लावली. मग तिच्या घरी जाऊन तिची बॅग भरली. अंत्यसंस्कार तिच्यासाठी थांबणार नव्हते, तरी ती निघाली. तिला एकटीला सोडवेना म्हणून मी स्खिपोल विमानतळापर्यंत गाडीत बरोबर बसले. दोन तासांत ती एकदाच बोलली.

"फोनवर बाबा आधी तुझं विचारायचे. मॅडमची किती शीटं झाली? मग माझं." ती हसली आणि मग तिला रडू आवरेना. मी तिचा हात धरून बसले होते. माझा हात तिच्या हातात आहे हे मला दिसत होतं.

मार्चमध्ये शेवटचं शीट पाठवून दिलं. बाजारगाववाल्यांचं पत्र आलं, त्यांना शेऱ्यांचा रकाना विशेष आवडला होता. कोणी सांगितलं शेरे लिहायला, असं त्यांनी विचारलं नव्हतं, तरी मी उत्तरात काकांबद्दल चार ओळी लिहिल्या.

तेवढ्यात वैशालीनेच एक बातमी पाठवली. जन्मण्याआधी गेलेल्या मुलांची नोंदही आता आईबापांच्या नावापुढे करता येणार होती, हा नियम होण्याआधी गेलेल्यांचीसुद्धा. पूर्वी नुसता एक दाखला मिळायचा, तो आमच्या फाइलमध्ये होता. सरकारी दप्तरात मुलं या रकान्यात आमच्यापुढे काही नव्हतं. अभिजितने वेळ घेतली आणि आम्ही सायकलींवरून खेमेन्तेत, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत गेलो. खिडकीतल्या बाईने दाखला वाचला, आमचे पासपोर्ट बघितले, बराच वेळ टंकत राहिली. मग एक उतारा छापून तिने आमच्याकडे सरकवला. नावातलं काही चुकलं नाही ना, एवढंच तिने विचारलं. चुकलं नव्हतं.

बाहेर सायकलींपाशी येऊन मी वैशालीला फोन केला. "झाली गं नोंद," म्हटलं.

"झाली?" ती ऑफिसात होती, तिचा आवाज एकदम मोठा झाला. "अगं, थांब, बाबांना सांगते लगेच."

आणि ती गप्प झाली.

तिकडे कुणीतरी डचमध्ये तिला काहीतरी विचारत होतं, ती उत्तर देत नव्हती. मग माझ्या घशातून एक आवाज आला, मला आधी तो माझा वाटलाच नाही. जाणारी-येणारी माणसं बघत होती. मी खाली फरशीवरच बसले आणि रडले, तिकडे ती रडत होती, आणि फोन आम्ही दोघींनीही ठेवला नाही.

अभिजित दोन्ही सायकली धरून उभा होता. त्याने घाई केली नाही.